वाय-फाय नसलेला डेस्कटॉप इंटरनेटला कसा जोडावा

लॅपटॉप आणि मोबाइल यांमध्ये वाय-फाय असणारच हे आपण गृहीत धरतो. डेस्कटॉप संगणकाबाबत तसे धरून चालत नाही. आजही अनेक मदरबोर्ड (संगणकाचे सगळे भाग ज्यावर जोडतात ते मुख्य सर्किट बोर्ड) वाय-फायच्या भागाशिवाय विकले जातात. त्यामुळे नवा जुळवलेला किंवा कोणाकडून घेतलेला जुना संगणक सुरू केल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात वाय-फायचे चिन्हच दिसत नाही, आणि बहुतेक जण लगेच वाय-फायचा डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खोचायचे छोटे यंत्र, विकत घ्यायला निघतात. डोंगल हा उपाय आहे, पण तो एकमेव नाही, आणि बऱ्याच ठिकाणी सर्वांत चांगलाही नाही. कोणता उपाय योग्य हे मुख्यतः राउटर आणि संगणक यांच्यात किती अंतर आहे आणि मध्ये किती भिंती आहेत यावर ठरते. खोक्यावर छापलेल्या वेगाच्या आकड्याचा विचार त्यानंतरच करावा.

वाय-फाय खरोखर नाही, याची आधी खात्री करा

संगणकाच्या मागच्या बाजूला, जिथे यूएसबी आणि ऑडिओची छिद्रे एकत्र असतात, त्या भागात सोनेरी रंगाची, बाहेरून आटे असलेली दोन छोटी गोल टोके दिसतात का ते पाहा. ती ॲन्टेना जोडण्याची जागा असते, आणि ती असेल तर मदरबोर्डमध्ये वाय-फाय आहे असे समजावे. असे अनेक संगणक केवळ ॲन्टेना मदरबोर्डच्या खोक्यातच राहिल्यामुळे ‘वाय-फाय नसलेले’ ठरतात. ॲन्टेनाशिवाय ते अगदी शेजारच्या राउटरखेरीज काहीच पकडत नाहीत.

मागे अशी टोके नसली तरी विंडोजमध्ये एकदा डोकावून घ्यावे. स्टार्ट बटणावर माउसचे उजवे बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘नेटवर्क ॲडॅप्टर्स’ ही ओळ पसरवा. तिथल्या एखाद्या नावात ‘वायरलेस’, ‘वाय-फाय’ किंवा ‘८०२.११’ असे काही असेल तर यंत्रात वाय-फाय आहे आणि अडचण दुसरीकडे आहे. ‘अदर डिव्हायसेस’ या गटात पिवळ्या खुणेसह ‘नेटवर्क कंट्रोलर’ दिसत असेल तर कार्ड बसवलेले आहे, फक्त त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजला ओळखता आणि चालवता यावे यासाठीचे सॉफ्टवेअर, नाही. त्याच जागी ‘इथरनेट कंट्रोलर’ दिसत असेल तर केबलच्या पोर्टचा ड्रायव्हर राहिलेला आहे, आणि तो मिळेपर्यंत केबल लावूनही काही होणार नाही. या दोन नावांतला फरक लक्षात ठेवला तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागते आणि इंटरनेट यायला ड्रायव्हर लागतो, हा पेच इथे हमखास पडतो. विंडोज ११ च्या होम आवृत्तीची पहिली मांडणी करताना तर इंटरनेट जोडल्याशिवाय पुढचे पानच येत नाही. म्हणून कायमचा उपाय ठरवण्याआधी तात्पुरती सोय करून घेणे शहाणपणाचे.

तात्पुरती सोय: फोन आणि त्याची केबल

अँड्रॉइड फोन हा हाताशी असलेला सर्वांत सोपा मार्ग आहे. फोन यूएसबी केबलने संगणकाच्या मागच्या पोर्टला जोडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्याच पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ नावाचा पर्याय असतो. तो केबल जोडल्यावरच सुरू करता येतो. तो सुरू केला की काही सेकंदांत विंडोजला एक नवी तारेची जोडणी मिळते. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही, कारण तो विंडोजमध्ये आधीपासून असतो, आणि लिनक्समध्येही हे बहुधा आपोआप होते. आयफोनवर ‘पर्सनल हॉटस्पॉट’ सुरू करून केबल जोडायची असते, मात्र विंडोजवर त्यासाठी ॲपलचा ड्रायव्हर, म्हणजे आयट्यून्स किंवा ‘ॲपल डिव्हायसेस’ हे ॲप, आधी हवे. पहिल्याच वेळी, हाती काहीच इंटरनेट नसताना, अँड्रॉइड फोन अधिक उपयोगी पडतो तो यामुळे.

पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असताना यूएसबी टेदरिंग सुरू केले, तर बरेच अँड्रॉइड फोन मोबाइल डेटाऐवजी तेच वाय-फाय संगणकाला पुरवतात, म्हणजे फोन स्वतःच डोंगलचे काम करतो. डेटाचा खर्च होत नाही आणि दोन-चार दिवस असेच काम भागवता येते. खात्री करायची असल्यास फोनचा मोबाइल डेटा बंद करून संगणकावर एखादे पान उघडून पाहावे.

मोबाइल डेटाच वापरायचा असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे डेटा जपून वापरायची जोडणी, ठरवून ठेवा, नाहीतर अपडेटच्या नावाखाली सगळा डेटा कधी संपला ते कळणारही नाही. आणि टेदरिंगचा पर्याय फोनवर फिकटच राहत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो: काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच.

या तात्पुरत्या जोडणीवर आधी विंडोज अपडेट चालवा. मागाशी पिवळी खूण दिसली होती, त्यातल्या निम्म्याहून अधिक प्रकरणांचा निकाल माझ्या अनुभवात इथेच लागतो. न लागल्यास मदरबोर्डचे नेमके नाव पाहून तिच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवा. हे नाव मदरबोर्डवरच ठळक छापलेले असते, आणि ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या विंडोजमधल्या खिडकीत ‘बेसबोर्ड’ या नोंदीपुढेही सापडते. ‘ड्रायव्हर आपोआप शोधून देतो’ असे सांगणारी अनोळखी सॉफ्टवेअरे मात्र टाळावीत.

शक्य असेल तर केबलच

जवळजवळ प्रत्येक डेस्कटॉपच्या मागे फोनच्या जुन्या सॉकेटपेक्षा जरा रुंद असे एक चौकोनी छिद्र असते. ते इथरनेटचे पोर्ट. राउटर त्याच खोलीत असेल, किंवा दाराच्या चौकटीवरून, भिंतीच्या पायाशी केबल नेणे शक्य असेल, तर दुसऱ्या कोणत्याही उपायाकडे वळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. केबलला शेजाऱ्यांच्या राउटरचा त्रास होत नाही, पासवर्ड लागत नाही, वेग तासातासाला बदलत नाही, आणि डेस्कटॉप तर एका जागीच असतो. त्याला बिनतारी असण्याचा फायदा तसा कमीच.

केबल घेताना वर्ग पाहावा. ‘कॅट ५ई’ केबलवरून १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग मिळतो, आणि बहुतेक घरांतल्या इंटरनेटला तो पुरून उरतो. ‘कॅट ६’ घेतली तर पुढची सोय होते, कारण तिच्यावरून साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही जाऊ शकतात. त्यापुढच्या वर्गांच्या केबली घरच्या वापरासाठी घेण्यात अर्थ नाही. वर्गापेक्षा तारेचा धातू अधिक महत्त्वाचा आहे: काही केबलींत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. त्यांच्यावर अनेकदा ‘सीसीए’ असे लिहिलेले असते, त्या या वर्गांच्या मानकांत बसत नाहीत आणि वाकवताना लवकर तुटतात. पूर्ण तांब्याची केबल घ्यावी.

जोडणी करताना केबलचे एक टोक राउटरच्या ‘लॅन’ पोर्टमध्ये बसवा. वेगळ्या रंगाचे ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेले पोर्ट बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी असते, ते सोडून द्या. दुसरे टोक संगणकात बसवा. प्लास्टिकच्या जिभेचा टक असा आवाज आला पाहिजे. लॅनची सगळी पोर्टे भरलेली असतील तर एक छोटा नेटवर्क स्विच मध्ये लावता येतो, त्याला कसलीही मांडणी लागत नाही. केबल विजेच्या तारांना समांतर आणि चिकटून नेऊ नये. त्यांना ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी. कोपऱ्यावर तिला चपटी दुमडू नये. साधारण केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचे वळण दिले की आतल्या तारांना इजा होत नाही.

पोर्टजवळचे छोटे दिवे लागले की दोन्ही टोके एकमेकांना दिसू लागली असे समजावे. दिवे लागूनही वेग कमी वाटत असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि मग ‘इथरनेट’ उघडून जोडणीचा वेग पाहा. तिथे १००० च्या जागी नेमका १०० चा आकडा दिसत असेल, आणि राउटर व संगणक दोन्हींची पोर्टे गिगाबिटची असतील, तर जवळजवळ नेहमी केबल दोषी असते. गिगाबिट वेगासाठी केबलमधल्या आठही तारा शाबूत असाव्या लागतात; एखादी तुटली किंवा टोकाला नीट बसली नसली तर उरलेल्या चार तारांवर दोन्ही यंत्रे मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतात आणि काही बिघडले आहे असे कुठेच सांगत नाहीत. लोक मग इंटरनेट पुरवणाऱ्याकडे तक्रार करत राहतात. केबल बदलून पाहणे हा पाच मिनिटांचा प्रयोग आधी करावा.

केबलच्या पोर्टचा ड्रायव्हर बहुधा विंडोजमध्ये असतोच. अपवाद मुख्यतः २.५ गिगाबिट वेगाच्या नव्या पोर्टांचा. विंडोजच्या जुन्या प्रतीला ती अनेकदा ओळखता येत नाहीत. तेव्हा वर सांगितलेला फोन कामी येतो.

यूएसबी डोंगल निवडताना आणि लावताना

केबल पोहोचत नसेल आणि कॅबिनेट उघडायचे नसेल तर डोंगल हा पुढचा पर्याय. तो लावायला सोपा, दुसऱ्या संगणकावर नेता येतो, आणि नेमका याच कारणामुळे वाटेल तो उचलला जातो. घेण्यापूर्वी तीन-चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे तो दोन्ही पट्ट्यांवर चालतो का. २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी लांबवर आणि भिंतींपलीकडे पोहोचते, पण तिच्यावर आसपासच्या सगळ्या राउटरांची, ब्लूटूथची आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्‌झची पट्टी वेगवान आणि मोकळी, पण भिंतींपुढे लवकर दमते. सर्वांत स्वस्त डोंगल फक्त पहिल्या पट्टीवर चालतात, आणि दाट वस्तीत त्यांचा अनुभव निराशाजनक असतो. ६ गिगाहर्ट्‌झची तिसरी पट्टी वापरणारे वाय-फाय ६ई आणि वाय-फाय ७ चे ॲडॅप्टरही मिळतात, पण त्या पट्टीसाठी राउटरही तसाच हवा आणि संगणकावर विंडोज ११ हवे; विंडोज १० मध्ये ती पट्टी चालत नाही.

दुसरी गोष्ट खोक्यावरचा आकडा. ‘एसी १२००’ याचा अर्थ १२०० मेगाबिट मिळतील असा नव्हे. एका पट्टीवरचे ३०० आणि दुसऱ्या पट्टीवरचे ८६७ यांची बेरीज करून ती वरच्या पूर्ण आकड्याला नेलेली असते, आणि डोंगल एका वेळी एकाच पट्टीवर जोडलेला असतो. शिवाय हे आकडे आदर्श स्थितीतले. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले तरी जोडणी उत्तम समजावी. त्यातही डोंगल यूएसबी २ चा असेल तर त्या पोर्टची स्वतःचीच कमाल मर्यादा ४८० मेगाबिटची आहे, आणि व्यवहारात ३०० च्या आसपासच हाती लागते. म्हणून वेगवान इंटरनेट असेल तर यूएसबी ३ चा डोंगल घ्यावा.

तिसरी गोष्ट आकाराची. नखाएवढे डोंगल दिसायला नीटनेटके असतात, पण त्यांची ॲन्टेनाही तेवढीच चिमुकली असते, आणि ते संगणकाच्या मागे लावले की त्यांच्या आणि राउटरच्या मध्ये पत्र्याचे अख्खे कॅबिनेट येते. बाहेर काढता येणारी ॲन्टेना असलेला डोंगल बरा. त्याहून बरे म्हणजे एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर मोकळ्या जागी ठेवणे. या केबलचा दुसराही एक लाभ आहे. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि त्याला जोडलेल्या हार्डडिस्कसारख्या वस्तूंमधून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले होते. डोंगल अशा पोर्टला चिकटून असेल तर त्या पट्टीवरचा सिग्नल घसरतो, आणि वीतभर दूर नेला तरी फरक जाणवतो. डोंगल बदलण्याआधी त्याची जागा बदलून पाहावी.

लावण्याची रीत सोपी आहे. डोंगल पोर्टमध्ये बसवा आणि मिनिटभर थांबा. विंडोजने त्याला ओळखले तर कोपऱ्यात वाय-फायचे चिन्ह येईल. त्यावर क्लिक करून आपल्या राउटरचे नाव निवडा आणि पासवर्ड द्या. ओळखले नाही तर ‘धिस पीसी’ उघडून पाहा. अनेक डोंगल पहिल्यांदा स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतात आणि त्या खोट्या सीडीतच त्यांचा ड्रायव्हर ठेवलेला असतो; तो चालवला की डोंगल खऱ्या रूपात येतो. काही डोंगलांसोबत खरीखुरी सीडी देतात, जी वाचायला हल्लीच्या संगणकांत ड्राइव्हच नसतो. तेव्हा निर्मात्याच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर फोनवर उतरवून संगणकात घ्यावा, किंवा टेदरिंग करावे.

लिनक्स वापरणाऱ्यांनी डोंगलच्या कंपनीपेक्षा आतली चिप पाहावी. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू आणि एमटी७९२१एयू या चिपांचे ड्रायव्हर कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहेत, त्यामुळे ते डोंगल लावताच चालतात. रिअलटेकच्या अनेक यूएसबी चिपांना मात्र बराच काळ बाहेरून ड्रायव्हर आणून बसवावा लागत असे आणि कर्नेल बदलला की तो पुन्हा बसवावा लागे. २०२३ मधल्या ६.२ आवृत्तीपासून त्यांपैकी काहींची सोय कर्नेलमध्ये झाली. एकाच नावाच्या डोंगलमध्ये निर्माते मधूनच चिप बदलतात आणि खोक्यावर फक्त आवृत्तीचा क्रमांक बदलतो, तेव्हा तो क्रमांकही तपासावा.

कॅबिनेटच्या आत बसणारे कार्ड

संगणक वर्षानुवर्षे त्याच जागी वापरायचा असेल आणि केबल नेणे अशक्य असेल, तर डोंगलपेक्षा पीसीआय एक्स्प्रेसचे, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचेत बसणारे, कार्ड अधिक भरवशाचे. त्याची ॲन्टेना मोठी असते आणि यूएसबीच्या मर्यादा त्याला नसतात. पेचकस धरता येणाऱ्या कोणालाही ते बसवता येईल. फक्त घाई करू नये.

विकत घेण्यापूर्वी कॅबिनेटची बाजूची झडप काढून जागा पाहून घ्या. असे कार्ड सर्वांत आखूड खाचेत बसते, आणि ती भरलेली असेल तर लांब खाचेतही चालते. अडचण येते ती ग्राफिक्स कार्डामुळे, कारण जाड ग्राफिक्स कार्ड शेजारच्या एक-दोन खाचा झाकून टाकते. कॅबिनेट बुटके असेल तर कार्डासोबत कमी उंचीची पट्टीही येते का ते विचारा.

बसवताना संगणक बंद करा, मागचा स्विच बंद करून वीजेची केबल काढा आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. त्यानंतर कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा; अंगावरची स्थिर वीज चिपांना मारक ठरू शकते. खाचेसमोरची मागची पत्र्याची पट्टी काढा, कार्ड कडांना धरून सरळ खाली दाबून बसवा आणि त्याच जागेच्या स्क्रूने पक्के करा. आता राहते ती एक बारीक तार, जी पुष्कळांकडून खोक्यातच राहून जाते. अशा कार्डावरचे वाय-फाय पीसीआय एक्स्प्रेसमधून चालते, पण त्याच कार्डावरचे ब्लूटूथ यूएसबीतून चालते, म्हणून ही तार मदरबोर्डवरच्या यूएसबी २ च्या नऊ पिनांच्या जागेत लावावी लागते. ती लावली नाही तर वाय-फाय व्यवस्थित चालते आणि ब्लूटूथ मात्र दिसतच नाही. शेवटी ॲन्टेना बाहेरून हाताने फिरवून बसवा, पक्कड वापरू नका. चुंबकाच्या बैठकीवरची, तार असलेली ॲन्टेना मिळत असेल तर तीच घ्यावी, कारण ती कॅबिनेटच्या मागून काढून वर किंवा टेबलावर ठेवता येते.

काही मदरबोर्डांवर वाय-फायसाठी एम.२ प्रकारची वेगळी छोटी जागा रिकामी ठेवलेली असते. तिथे लॅपटॉपमधले छोटे कार्ड बसते, परंतु नाव पाहूनच घ्यावे: इंटेलच्या एएक्स२०१ आणि एएक्स२११ या कार्डांचा अर्धा भाग इंटेलच्याच ठरावीक चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे ती इतरत्र चालत नाहीत, तर एएक्स२०० आणि एएक्स२१० एएमडीच्या मदरबोर्डवरही चालतात. एसएसडीची एम.२ जागा निराळी असते; तिच्या खाचेची रचना वेगळी असल्याने वाय-फायचे कार्ड तिथे बसत नाही, जोर लावू नये.

आडवाटेचे तीन उपाय

घरात एखादा जुना राउटर पडून असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘क्लायंट’ किंवा ‘वायरलेस ब्रिज’ अशी पद्धत आहे का पाहा. असल्यास तो मुख्य राउटरचे वाय-फाय पकडतो आणि आपल्या पोर्टमधून केबलने संगणकाला देतो. इथरनेटचे पोर्ट असलेला वाय-फाय एक्स्टेंडरही हेच करतो. हा उपाय जेवढा वापरला जायला हवा तेवढा वापरला जात नाही. संगणकाच्या दृष्टीने ही साधी तारेची जोडणी असते, त्यामुळे वाय-फायच्या ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही, आणि लिनक्स किंवा फार जुने विंडोज असलेल्या यंत्रासाठी ते वरदान आहे. शिवाय हे यंत्र सिग्नल चांगला असेल तिथे ठेवून तिथून केबल ओढता येते.

दुसरा उपाय घरातल्या वीजवाहिन्यांतून इंटरनेट नेणाऱ्या पॉवरलाइन ॲडॅप्टरांचा. एक राउटरजवळ, दुसरा संगणकाजवळ लावायचा; दोन्ही थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये, कारण सर्ज प्रोटेक्टर त्यांचा सिग्नल गाळून टाकतो. वायरिंग जुने असेल किंवा दोन्ही सॉकेट वेगवेगळ्या फेजवर असतील तर वेग फार पडतो, म्हणून परत करता येत असतील तरच घ्यावेत. तिसरा, टीव्हीच्या कोॲक्स केबलवरून चालणाऱ्या मोका ॲडॅप्टरांचा. घरात अशी केबल दोन्ही खोल्यांत आधीच असेल तर तो पॉवरलाइनपेक्षा बराच सरस ठरतो.

जोडले, तरी चालत नाही

चिन्ह आले, जोडणी झाली, आणि तरी पान उघडत नाही, तेव्हा अंदाजाने बटणे दाबण्यापेक्षा संगणकाला मिळालेला आयपी पत्ता पाहावा. तो त्या जोडणीच्या सेटिंग्जमध्ये दिसतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि संगणकाने स्वतःच एक लावून घेतला आहे: केबल पुन्हा बसवा, राउटर बंद करून सुरू करा, आणि पत्ता ‘आपोआप’ मिळवण्याची निवड केलेली आहे ना ते पाहा. पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर राउटरपर्यंत वाट मोकळी आहे. मग फोनवर त्याच राउटरवरून इंटरनेट चालते का ते तपासा. फोनवर चालते आणि संगणकावर नाही, अशा वेळी डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता हाताने १.१.१.१ किंवा ८.८.८.८ असा देऊन पाहावा.

जुन्या संगणकात एक वेगळाच दोष आढळतो. मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली की घड्याळ अनेक वर्षे मागे जाते, आणि मग बहुतेक संकेतस्थळे ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असे सांगून उघडायचे नाकारतात, कारण त्यांची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जातात. दोष इंटरनेटचा नसतो. तारीख दुरुस्त करा आणि ती बॅटरी, बहुधा सीआर२०३२, बदलून टाका.

राउटरचे नाव दिसते पण पासवर्ड बरोबर असूनही डोंगल जोडला जात नाही, असे झाल्यास राउटरमध्ये सुरक्षेची पद्धत फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलेली आहे का ते पाहा. जुन्या डोंगलांना ती समजत नाही, तेव्हा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांची मिश्र पद्धत निवडावी. आपल्या राउटरची फक्त ५ गिगाहर्ट्‌झची ओळख दिसत नसेल तर बहुधा डोंगलच एका पट्टीचा आहे. आणि जोडणी काही वेळाने आपोआप तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ॲडॅप्टरच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावरची, वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाका. विजेच्या केबलवर चालणाऱ्या डेस्कटॉपला त्या बचतीचा विशेष लाभ नसतोच.

आधी डोंगल घेतला आणि नंतर केबलची सोय झाली, तर डोंगल काढलाच पाहिजे असे नाही. दोन्ही जोडलेले असताना विंडोज अधिक वेगवान जोडणीला प्राधान्य देते, म्हणजे सहसा केबलला, आणि केबल निघाली की काम वाय-फायवर जाते. फोनचे टेदरिंग मात्र काम झाल्यावर आठवणीने बंद करावे, कारण तीही तारेचीच जोडणी म्हणून नोंदली जाते, आणि केबल निघाल्यावर संगणक वाय-फाय सोडून फोनच्या डेटावर गेला तरी ते पडद्यावर सहज लक्षात येत नाही.